'प्रोजेक्ट झोम्बॉइड' घ्यावा की नाही, हे पहिल्या दोन तासांत कसे ठरवावे

झोम्बी म्हणजे चालत्या-फिरत्या मृतदेहांपासून जीव वाचवण्याचा हा संगणकीय खेळ सुरू होतानाच 'तुमचा मृत्यू कसा झाला, त्याची ही कथा आहे', असे सांगतो. हे मान्य असेल तरच पुढे जावे. स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात, म्हणून हे दोन तास विचारपूर्वक वापरावेत.

आधी ट्युटोरियल पूर्ण करावे. नंतर खेळातल्या 1993 च्या केंटकी या अमेरिकी राज्यातील एखाद्या घरात शिरून पडदे ओढावेत, वाकून चालावे आणि सापडेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवावे, कारण काही दिवसांनी वीज आणि पाणी दोन्ही बंद होतात. 2019 च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन कोल्हापूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा ज्यांनी घागरी-बादल्या जपून वापरल्या, त्यांना ही धडपड चटकन उमगेल, आणि माझ्या मते खेळाचा खरा आनंद याच तयारीत आहे.

मूळ सेटिंगमध्ये झोम्बीचा चावा म्हणजे निश्चित मृत्यू, मात्र प्रत्येक ओरखडा जीवघेणा नसतो. त्यामुळे एका वेळी एकाशीच लढावे. कुंपण ओलांडताना झोम्बी खाली पडतो, तेव्हाच वार करावा.

पात्र मेल्यावर आपली चूक शोधावीशी वाटली, तर खेळ जरूर ठेवावा. नुसता वैताग आला, तर सँडबॉक्समध्ये, म्हणजे खेळाचे नियम स्वतः ठरवता येणाऱ्या प्रकारात, झोम्बींची संख्या घटवून एकदा पाहावे. त्यानंतरही मन रमले नाही, तर दोन तास भरण्यापूर्वी पैसे परत मागावेत.