जुनं बेसबॉल कार्ड घेताना आधी मोजपट्टी काढा

अमेरिकन बेसबॉलपटू मिकी मँटलचं चित्र असलेलं, टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या संचातलं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नका. २०२२ मध्ये त्याची एक प्रत १.२६ कोटी डॉलरला गेली. तेव्हा स्वस्त म्हणजे संशय! पहिली परीक्षा साध्या पट्टीची. १९५२चं अस्सल कार्ड साधारण ६७ बाय ९५ मिलिमीटर भरतं. टॉप्सनेच १९८३ मध्ये त्या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली, ती ६४ बाय ८९ची. फसवायचा हेतू नव्हता, मागे तसं छापलंही आहे. पण विकणारा फोटोत मागची बाजू दाखवेलच असं नाही. तिचाही फोटो मागा. माप किंचित कमी आणि कडा नव्यासारख्या धारदार? मग झिजलेले कोपरे लपवायला कार्ड कापलेलं असू शकतं.

मँटल खिशाला झेपत नसेल, तर त्याच संचातला वॉरन स्पान बघा. ३६३ विजयांचा हा डावखुरा पिचरही (चेंडू टाकणारा) हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानयादीत आहे. त्याचं कार्ड ३३ नंबरचं. ३११पासून पुढची कार्डं दुर्मिळ, म्हणून महाग; हे त्यांतलं नाही. कोपरे गोलावलेलं, मध्ये घडी पडलेलं चालेल. मी तर तसंच घेईन.