जुन्या फ्रिजमध्ये कोंबुचा: सेन्सर कुठे चिकटवायचा

इंदूरला मे महिन्यात पारा ४२च्या आसपास असतो आणि जानेवारीत पहाटे १०च्या खाली उतरतो. कोंबुचाला, म्हणजे जंतूंनी आंबवलेल्या गोड चहाला, लागतात २४ ते २७ अंश, तेही आठ-दहा दिवस सलग. माठाशेजारी ठेवून झालं, ओल्या गोणपाटात गुंडाळून झालं. उन्हाळ्यात चार दिवसांत व्हिनेगर, थंडीत पंधरवड्यानेही गोड चहाच. शेवटी गच्चीवरच्या खोलीत धूळ खात पडलेला एकदारी फ्रिज खाली आणला.

(यात बिअर लावता येईल का, हे मला विचारू नका. मध्यप्रदेशात १९१५चा आबकारी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे.)

फ्रिज गार होतो ना, एवढं बघा. दाराचं रबर धड असावं. आतल्या जाळ्या काढा, आतून सोड्याने पुसा. फ्रिजचं बटण सर्वांत थंडवर करून विसरून जा. ‘बटण कमीवर ठेवलं की झालं’ असं सांगणाऱ्याने हा उद्योग कधी केलेला नाही. कमीवरही तो फ्रिजच राहतो, २५ अंशांवर थांबणं त्याच्या थर्मोस्टॅटला जमतच नाही.

म्हणून बाहेरून कंट्रोलर लावायचा; तो सेन्सरवरचं तापमान बघून फ्रिजची वीज चालू-बंद करतो. मी एसटीसी-१००० वापरते; महाराणी रोडवर विचारा. त्यावर वायर जोडायच्या आठ जागा असतात: १-२ला वीज, ३-४ला सेन्सर, ५-६ला गरम करणारा बल्ब, ७-८ला थंड करणारा फ्रिज. ५ आणि ७ला फेज वेगळी जोडावी लागते, नाहीतर दिवा लागतो पण फ्रिज ढिम्म. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, अर्थिंगसकट. थंडीसाठी पत्र्याच्या डब्यात ४० वॉटचा जुना बल्ब, बरणीपासून आणि प्लास्टिकपासून लांब.

सेन्सरची वायर आत न्यायला फ्रिजला भोक पाडू नका. भिंतीत गॅसची नळी कुठून गेलीय ते बाहेरून कळत नाही आणि काही फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेतो. वायर बारीक असते, दाराच्या रबराखालून सहज जाते.

आता खरी गोम, जिने माझा पहिला कॉम्प्रेसर खाल्ला. मी सेन्सर मधल्या हवेत लटकवला होता. हवा मिनिटाभरात गार होते, फ्रिज बंद पडतो. पण तीन लिटरची बरणी अजून गरमच असते, ती हवा पुन्हा तापवते, फ्रिज पुन्हा चालू. दिवसभर हेच. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी चालू केलात की तो नुसता घूंऽ करतो आणि उठत नाही. मला वाटलं जुना आहे, कुरकुरतोय. तिसऱ्या आठवड्यात गेला.

मग दुसरं टोक गाठलं, सेन्सर थेट चहात बुडवला. आता कॉम्प्रेसर चहा २५वर येईपर्यंत चालायचा, तोवर बर्फाचा कप्पा इतका गारठलेला असायचा की बंद झाल्यावरही चहा २१वर घसरायचा. शिवाय कोंबुचा आंबट, त्यात धातूचं टोक आठवडाभर भिजवणं मला पटत नाही.

सेन्सर बरणीला बाहेरून चिकटवा, चहाच्या निम्म्या उंचीवर, आणि वरून तळहाताएवढा थर्मोकोलचा तुकडा घट्ट टेपने बांधा, म्हणजे तो हवा न मोजता काच मोजतो. त्याआधी बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी पेल्यात घेऊन त्यात सेन्सर धरा. शून्य दाखवत नसेल तर कंट्रोलरच्या एफ४ या सेटिंगमध्ये तेवढा फरक भरा. एफ१ला, म्हणजे हव्या त्या तापमानाला, २५; एफ२ला, म्हणजे त्यापासून किती ढळू द्यायचं याला, १. एफ३ म्हणजे कॉम्प्रेसर बंद झाल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंतची सक्तीची विश्रांती. तिथे पाच मिनिटांच्या खाली येऊ नका, मी दहा ठेवते.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. २५ अंशांवर बर्फाच्या कप्प्याला धरलेलं हिम प्रत्येक वेळी वितळतं आणि खाली टपकतं. माझ्या बरणीचं फडकं ओलं झालं आणि चौथ्या दिवशी सायीवर, म्हणजे चहावर धरणाऱ्या जंतूंच्या थरावर, हिरवी बुरशी. सगळं मोरीत. कप्प्याखालचा ट्रे काढू नका, रोज रिकामा करा. त्याच निमित्ताने दार उघडलं जातं. या जंतूंना हवा लागतेच.

चहाचं प्रमाण सोपं आहे: लिटरला दोन चमचे चहापत्ती, ७० ग्रॅम साखर, पूर्ण गार झाल्यावर मागच्या खेपेचा १०० मिली आंबट चहा आणि साय. आमच्या सासूबाई त्याला विरजणच म्हणतात. सातव्या दिवसापासून चाखत जा.

तयार कोंबुचा भरलेल्या बाटल्या मात्र या फ्रिजमध्ये विसरू नका. २५ अंशांवर त्यात वायू धरतच राहतो आणि काच फुटते. मी सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरते. दाबून कडक लागली की रोजच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशव्यांमागे.