युरोपातील राजवाडे पाहायला निघताना: बंदचा वार, तिकिटावरची वेळ आणि दालनांचा क्रम

पॅरिसमधील लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि शेजारच्या व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. याचा परिणाम असा होतो की, मंगळवारी लूव्रच्या दारावरून परतलेले आणि आदल्या दिवशी व्हर्साय हुकलेले असे सगळेच प्रवासी एकाच वेळी व्हर्सायच्या सोनेरी फाटकापाशी येऊन उभे राहतात. युरोपातील राजवाडे पाहण्याच्या बेतातले पहिले काम म्हणजे प्रत्येक वास्तूचा बंदचा वार कागदावर मांडणे. लंडनजवळचा विंझर किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो. त्याच्या आवारातील सेंट जॉर्ज चॅपल रविवारी फक्त प्रार्थनेसाठी येणाऱ्यांना खुले असते, म्हणजे रविवारी विंझरला गेलेला पर्यटक अर्धा विंझर बाहेरूनच पाहून येतो. व्हिएन्नाचा शोनब्रुन राजवाडा मात्र आठवडाभर उघडा असतो, त्यामुळे तो कोणत्याही अडनिड्या दिवशी बसवता येतो. आपल्याकडे बहुतेक जण आधी विमानाची, मग रेल्वेची आणि मग हॉटेलांची आरक्षणे करतात आणि राजवाड्यांना उरलेसुरले दिवस देतात. हा क्रम उलटा केला, तर निम्म्या अडचणी घरी बसल्याच मिटतात.

दुसरा प्रश्न किती राजवाडे पाहावेत हा. दहा-बारा दिवसांच्या प्रवासात तीन पुरेसे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथ्या राजवाड्यात शिरेपर्यंत सोनेरी मुलामा, झुंबरे आणि रंगवलेली छते यांची डोळ्यांना इतकी सवय झालेली असते की, आपण काय पाहिले हे संध्याकाळी सांगता येत नाही. त्यातही एकाच घाटाच्या वास्तू निवडण्यात अर्थ नाही. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील हेरेनकीमझे हा राजवाडा तेथला राजा दुसरा लुडविग याने व्हर्सायच्याच नमुन्यावर बांधला. दोन्हींची तुलना करण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी, एरवी त्यापेक्षा एक फ्रेंच दरबारी राजवाडा, एक स्पेनमधला मुस्लीम राजवटीचा महाल आणि एक अजूनही वापरात असलेले राजघराण्याचे निवासस्थान, अशी निवड अधिक काही देऊन जाते.

व्हिसाविषयी थोडक्यात. फ्रान्स, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्पेन हे देश शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, कक्षेत येतात, ब्रिटन येत नाही. विंझर आणि व्हर्साय एकाच प्रवासात पाहायचे असतील, तर दोन स्वतंत्र व्हिसा काढावे लागतात. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे आहे त्या देशाकडे करायचा असतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून स्वीकारला जातो, आणि त्याबरोबर किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा जोडावा लागतो. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर व्हिसाकेंद्रात वेळ मिळणेच कठीण होते, म्हणून एप्रिल-मे महिन्यातील प्रवासाची तयारी दिवाळी झाल्यावर सुरू करणे शहाणपणाचे आहे.

तिकिटे नेहमी त्या त्या राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच घ्यावीत. शोध घेतला असता सर्वांत वर दिसणारी संकेतस्थळे पुष्कळदा मध्यस्थांची असतात, आणि तेच तिकीट जास्त पैशांना विकताना ती ‘रांग टाळा’ असे आश्वासन देतात. प्रत्यक्षात सुरक्षा तपासणीची रांग कोणालाच टळत नाही. मोठ्या राजवाड्यांच्या तिकिटांवर आता प्रवेशाची वेळ छापलेली असते, आणि ती वेळ सगळीकडे सारख्याच कडकपणे पाळली जात नसली, तरी स्पेनमधल्या ग्रॅनडा शहरातील अल्हम्ब्रा या महालसंकुलाच्या बाबतीत ती ब्रह्मवाक्य समजावी.

अल्हम्ब्राच्या सर्वसाधारण तिकिटात किल्ल्याचा भाग, हेनेरालिफेची उद्याने आणि नासरी या मुस्लीम राजघराण्याचे महाल हे सारे येते, परंतु त्यावर छापलेली वेळ असते ती केवळ नासरी महालांची. त्या वेळी तुम्ही महालाच्या दाराशी असायला हवे, टेकडीवरच्या तिकीटघरापाशी नव्हे. त्या दोहोंमध्ये पंधरा-वीस मिनिटांची पायपीट आहे, आणि तिकीटघराशी वेळेवर पोचल्याच्या समाधानात कितीतरी लोकांचा प्रवेश हुकतो. तिकीट आधीच काढलेले असेल, तर वरच्या मुख्य प्रवेशद्वाराकडे जाण्याची गरजच नाही. शहरातून येणारी छोटी बस न्यायद्वाराजवळ थांबते आणि १३४८ साली बांधलेल्या त्या दारातून आत शिरल्यास नासरी महाल अगदी जवळ पडतात. तिकिटावर नाव आणि पासपोर्टचा क्रमांक नोंदलेला असतो, तेव्हा मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. हॉटेलच्या तिजोरीत ठेवलेला पासपोर्ट आणि मोबाइलमधले त्याचे छायाचित्र यांवर विसंबू नये. गर्दीच्या महिन्यांत ही तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात, म्हणून तीन राजवाड्यांपैकी पहिले आरक्षण नेहमी अल्हम्ब्राचे करावे.

आत गेल्यावर नजर छताकडे जाते, ते स्वाभाविकच आहे. तरीही भिंतीवर खांद्याच्या उंचीला फिरणारी अक्षरांची पट्टी जवळ जाऊन पाहावी. ‘ईश्वराखेरीज कोणी विजेता नाही’ हे नासरी घराण्याचे ब्रीद गिलाव्यात पुन्हा पुन्हा कोरलेले आहे. अरबी येत नसली तरी एकदा त्या शब्दांचा आकार डोळ्यांत बसला की, पुढच्या प्रत्येक दालनात तो ओळखू येऊ लागतो. २ जानेवारी १४९२ रोजी हेच घराणे हा महाल स्पेनच्या कॅथलिक राजा-राणीच्या हवाली करून गेले, हे ठाऊक असताना ती अक्षरे वेगळीच वाचली जातात.

व्हर्सायला पॅरिसहून जाण्यासाठी ‘आरईआर सी’ ही उपनगरी गाडी सोयीची आहे. या मार्गाला पुढे फाटे फुटतात, म्हणून ज्या गाडीचे शेवटचे स्थानक ‘व्हर्साय शातो रिव्ह गोश’ आहे तीच पकडावी. तेथून राजवाडा दहा मिनिटांच्या चालीवर आहे. मुख्य राजवाडा सकाळी नऊला उघडतो, पण मागच्या बाजूची त्रियानों निवासस्थाने दुपारी बाराला उघडतात. या फरकाचा फायदा दोन तऱ्हांनी घेता येतो. एकतर नऊची वेळ घेऊन सहलींच्या मोठ्या बसगाड्या येण्याआधी दालने पाहून घ्यावीत, किंवा आधी बागेत फिरून, बाराला त्रियानों गाठून मुख्य राजवाड्यासाठी दुपारी उशिराची वेळ घ्यावी. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, त्याचे कारण आरसेमहाल. ७३ मीटर लांबीच्या या दालनाच्या सतरा खिडक्या पश्चिमेकडे, बागेच्या दिशेने उघडतात आणि उतरते ऊन समोरच्या सतरा कमानींतील ३५७ आरशांवर पडते. सकाळी हेच आरसे करडे, थोडे मंद दिसतात.

या आरशांजवळ दोन मिनिटे थांबावे. लांबून अखंड वाटणारी प्रत्येक कमान प्रत्यक्षात एकवीस तुकड्यांची आहे, आणि त्यांचे सांधे स्पष्ट दिसतात. सतराव्या शतकात मोठा आरसा ओतणे हे अतिशय अवघड काम होते. तोवर या धंद्यावर व्हेनिसची मक्तेदारी होती, आणि हे आरसे फ्रान्समध्ये बनले हेच फ्रान्सच्या राजाला, चौदाव्या लुईला, येणाऱ्या प्रत्येक परदेशी राजदूताला दाखवायचे होते. त्या काळी येथे भरीव चांदीचे सामानही होते. १६८९ साली युद्धाच्या खर्चासाठी राजाने ते वितळवले. याच दालनात १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, आणि २८ जून १९१९ रोजी पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीला येथेच तहावर सही करावी लागली.

दालनांचा क्रम समजून घेतला नाही, तर व्हर्साय म्हणजे एकामागून एक येणाऱ्या खोल्यांची कंटाळवाणी ओळ वाटते. मराठी माणसाला तो क्रम समजायला फारसे कष्ट पडू नयेत. जुन्या वाड्यात देवडी, सदर, माजघर, देवघर अशी मांडणी असते आणि कोणाची मजल कुठपर्यंत हे न सांगता ठरलेले असते. व्हर्सायमध्येही तेच तत्त्व आहे. बरा पोशाख असलेला कोणीही बाहेरच्या दालनांपर्यंत येऊ शके, पण राजाच्या जितके जवळ जावे तितके दार अरुंद होत जाई. गंमत अशी की, आपल्याकडे जे सर्वांत खासगी, ते शयनगृह येथे दरबाराचा गाभा आहे. पूर्वेकडे तोंड करून राजवाड्याच्या बरोबर मध्यावर असलेल्या या खोलीत राजाचे सकाळचे उठणे आणि रात्रीचे निजणे हे मानकऱ्यांच्या साक्षीने पार पडणारे विधी होते. पलंगापुढचा सोनेरी कठडा ओलांडण्याचा हक्क फार थोड्यांना होता. १ सप्टेंबर १७१५ रोजी लुईचा मृत्यूही येथेच झाला. काही दालने रिकामी का वाटतात, याचे उत्तर फ्रेंच राज्यक्रांतीत आहे. १७९३-९४च्या लिलावांत राजवाड्याचे बहुतेक सामान विकले गेले, आणि आज दिसणाऱ्या अनेक वस्तू नंतर शोधून परत आणलेल्या किंवा त्याच काळातील बदली वस्तू आहेत.

बागेतील कारंजी रोज उडत नाहीत. एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामातील ठरावीक दिवशीच ती सुरू होतात, आणि त्या दिवशी एरवी मोफत असलेल्या बागेला तिकीट लागते. ही काटकसर आजची नाही. चौदाव्या लुईच्या काळातही सगळी कारंजी एकदम चालवण्याइतके पाणी कधी पुरले नाही, त्यामुळे राजाची स्वारी जवळ येताना शिट्टी वाजवून पुढचे कारंजे सोडत आणि तो पुढे गेला की मागचे बंद करीत. राजवाड्यापासून त्रियानोंपर्यंत चालत अर्धा तास लागतो. बरोबर वयस्कर माणसे असतील, तर पैसे देऊन मिळणाऱ्या छोट्या गाडीचा मोह निःसंकोच करावा, कारण आतली चालच पुरेशी दमवणारी आहे.

डब्याचा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा असतो, म्हणून तो स्वतंत्रपणे सांगतो. व्हर्सायच्या आखीव बागेत बसून खाण्यास मनाई आहे, परंतु त्यापलीकडे मोठ्या कालव्याच्या बाजूच्या उद्यानभागात हिरवळीवर डबा उघडता येतो. भारतातून नेताना लक्षात ठेवायचे ते असे की, युरोपीय संघात दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी घरीच राहू द्यावी. भडंग, चिवडा आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी यांना अडचण नाही. ताजी फळेही सहसा अडवली जातात, पण त्यातून वगळलेल्या मोजक्या फळांच्या यादीत नारळ आहे, हे वाचून मला बरे वाटले, जरी व्हर्सायच्या हिरवळीवर नारळ फोडण्याचा प्रसंग कोणावर येईलसे वाटत नाही.

बव्हेरियातील नॉयश्वानस्टाइन किल्ल्यासाठी अर्धा दिवस धरू नये. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत दोन तास रेल्वे, मग बस, मग गावातून अर्धा-पाऊण तास चढण, आणि एवढे करून आतली फेरी साधारण अर्ध्या तासाची, तीही मार्गदर्शकाबरोबरच आणि छायाचित्रे न काढता. तो बाहेरून, जवळच्या मारियन पुलावरून पाहण्यातच खरी मजा आहे.

विंझर येथे फाटकापाशी पोचल्यावर आधी गोल बुरुजावरचा झेंडा पाहावा. राजाचा स्वतःचा ध्वज फडकत असेल तर राजा आत आहे, युनियन जॅक हा ब्रिटनचा राष्ट्रध्वज असेल तर नाही. समारंभांमुळे काही भाग ऐन वेळी बंद ठेवले जातात, म्हणून आदल्या रात्री संकेतस्थळावर नजर टाकावी. आतल्या दालनांत छायाचित्रणाला परवानगी नाही. मोठ्या दिवाणखान्याआधीच्या दालनातील काचेच्या कपाटांशी भारतीय पाहुण्याने थांबावे. श्रीरंगपट्टण १७९९ साली पडले तेव्हा मोडलेल्या टिपू सुलतानाच्या सिंहासनाचे सोन्याचे व्याघ्रमुख तेथे आहे. त्याची चकाकी पाहून लोक पुढे सरकतात, पण त्याचे स्फटिकाचे दात जवळून पाहण्यासारखे आहेत. या धाग्याने पुढे जायचे असेल आणि एक दिवस हाताशी असेल, तर आइल ऑफ वाइट बेटावरचे ऑस्बर्न हाउस पाहावे. व्हिक्टोरिया राणीच्या या घरातील दरबार हॉलचे नक्षीकाम लाहोरच्या भाई राम सिंग यांनी रचले, आणि त्याकडे जाणाऱ्या वाटेवर भारतीय कारागिरांची व सेवकांची व्यक्तिचित्रे लावलेली आहेत. ती महाराजांची नाहीत, विणकर, कुंभार, शिपाई अशा माणसांची आहेत.

व्हिएन्नाचा शोनब्रुन प्रवासाच्या शेवटी ठेवावा, कारण तो सर्वांत कमी त्रास देतो. मेट्रोच्या यू-फोर मार्गावर त्याच्याच नावाचे स्थानक आहे. १,४४१ खोल्यांपैकी थोड्याच दाखवल्या जातात, त्यामुळे आतली फेरी तासाभरात होते. ज्या आरसेमहालात सहा वर्षांच्या मोझार्टने, पुढे थोर संगीतकार झालेल्या मुलाने, १७६२ साली सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे वादन केले ते दालन आकाराने लहान आहे आणि घाईत निसटते. निळ्या चिनी दालनात मात्र मुद्दाम रेंगाळावे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल याने राज्यकारभारातून दूर होत असल्याच्या पत्रावर येथे सही केली, आणि सहा शतकांहून जुनी हाब्सबुर्ग घराण्याची सत्ता संपली. उद्यानाला तिकीट नाही आणि ते सकाळी लवकर उघडते, म्हणून राजवाड्याची वेळ दहाची असेल तर आठलाच पोचून टेकडीवर १७७५ साली बांधलेल्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चढून जावे. त्या वेळी तेथे पळायला आलेले व्हिएन्नाकर आणि कुत्री फिरवणारे म्हातारे यांखेरीज फारसे कोणी नसते, आणि खाली पिवळ्या राजवाड्यामागे सगळे शहर दिसते.