पुरंदरचे अंजीर घरच्या बागेत

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कोरड्या हवेत वाढणाऱ्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 'पूना फिग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वाणाचे फळ पातळ सालीचे, फिकट जांभळट आणि आतून गुलाबी असते. झाडावर पूर्ण पिकलेले फळ जेमतेम एक-दोन दिवस टिकते, म्हणून दूरच्या बाजारासाठी ते थोडे आधीच उतरवावे लागते. आणि अंजीर तोडल्यानंतर मऊ पडले तरी त्याची गोडी वाढत नाही. या फळाची खरी चव पुरंदरबाहेर हवी असेल, तर झाड दारात असलेलेच बरे.

घाटाच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात हे झाड फारसा त्रास देत नाही. कोकणात आणि गोव्यात मात्र दमट हवेमुळे पानांवर तांबेरा हा बुरशीचा रोग हटकून येतो, त्यामुळे तेथे झाड कुंडीत लावून पावसाळ्यात वळचणीला, पण उजेडात, सरकवता येईल अशी सोय करावी.

रोप बियांपासून करू नये, कारण त्यातून मूळ वाण मिळत नाही. खात्रीच्या झाडाची साधारण वर्षभर वयाची, पेन्सिलीएवढी जाड फांदी घेऊन तिचे 20 ते 25 सेंटिमीटर लांबीचे, चार-सहा डोळ्यांचे छाटकलम करावे आणि त्याचा दोन-तृतीयांश भाग माती, वाळू व शेणखताच्या मिश्रणात पुरावा. पालवी फुटली म्हणजे मुळे धरली असे समजू नये. कांडीतल्या साठ्यावरही कोवळी पाने फुटतात, आणि याच काळात कलम उपटून पाहण्याच्या उत्साहापायी बरीच कलमे दगावतात.

जमिनीत लावायचे असल्यास 60 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो माती, मुरूम आणि चांगल्या कुजलेल्या शेणखताने भरावा. भिंतीला, पाण्याच्या टाकीला किंवा ड्रेनेजला खेटून लावू नये, कारण उंबर-वडाच्या कुळातील या झाडाची मुळे ओलाव्याच्या मागे लांबवर जातात. गच्चीवर निम्मा कापलेला प्लॅस्टिकचा ड्रम पुरतो. परागीभवनाची चिंता नको. या वाणाला फळ धरण्यासाठी कीटकाची गरज लागत नाही.

खरी कसोटी बहार धरण्यात, म्हणजे झाडाला ठरावीक हंगामात फळे आणण्यात आहे. अंजीर नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात येते, तेव्हा छाटणी टाळून भरघोस फळांची अपेक्षा ठेवता येत नाही. जूनमध्ये धरलेला खट्टा बहार पावसात वाढतो आणि त्याची फळे बहुधा पाणचट, कमी गोड निघतात. शेतकरी दराच्या गणितापायी तोही धरतात, पण घरी खाण्यासाठी मिठा बहारच धरावा. त्यासाठी पावसाळा सरताना पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, आणि पाने पिवळी पडून गळू लागली की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेल्या हंगामाच्या फांद्यांची छाटणी करावी. मग आळ्यातील माती हलकेच उकरून शेणखत व निंबोळी पेंड द्यावी आणि पाणी सुरू करावे. छाटणीनंतर कापांवर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे लिटरभर पाण्यास दहा ग्रॅम मोरचूद व दहा ग्रॅम चुना, फवारावे. हे मिश्रण प्लॅस्टिकच्या भांड्यात करून त्याच दिवशी संपवावे. तांबेऱ्याची गळलेली पाने झाडाखाली राहू न देता गोळा करून नष्ट करावीत. खोडावर भुसा दिसला, तर आत पोखरणारी अळी आहे असे समजून छिद्रात तार घालून ती काढावी.

छाटणीपासून चार-साडेचार महिन्यांनी फळे उतरू लागतात. अंजीर कित्येक आठवडे हिरवे, टणक आणि जसेच्या तसे राहते. मग अवघ्या काही दिवसांत फुगते, रंग धरते, मान मऊ होऊन खाली झुकते आणि सालीवर बारीक रेघा उमटतात. या टप्प्यावर पाणी बेताने द्यावे, कारण एकदम भरपूर पाणी दिले की फळे उकलतात. बुलबुलांना पिकण्याची चाहूल आपल्याआधी लागत असल्याने, रंग बदलू लागताच प्रत्येक फळाला जाळीची पिशवी बांधावी.

तोडणी सकाळच्या गारव्यात, देठासकट, फळ हलकेच पिरगाळून करावी. देठातून पांढरा चीक आला, तर फळ अजून कच्चे आहे. पिकलेल्या फळात तो जवळजवळ नसतो. चिकाने हाताला खाज सुटते व उन्हात कातडीवर चट्टे उठू शकतात, म्हणून हातमोजे घालावेत किंवा हातांना तेल लावावे. उतरवलेली फळे अंजिराच्याच पानांवर एका थरात मांडावीत आणि त्याच दिवशी खावीत. फ्रीजमध्ये ती आणखी दोन-तीन दिवस निघतात. सुकवण्यासाठी हा वाण फारसा जमणारा नाही, तेव्हा जास्तीच्या फळांचा जॅम करावा.