चेनसॉ चालत नाही? स्क्रू पिळण्याआधी या चुका टाळा

बडोद्यात पहिला वादळी पाऊस झाला की कारेलीबागेपासून मांजलपूरपर्यंत कुठे ना कुठे गुलमोहर आडवा झालेला असतो, आणि वर्षभर माळ्यावर पडलेली चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलची करवत, खाली उतरते. मग फोन सुरू होतात. "काका, दोरी ओढून हात भरून आला, मशीन काही बोलत नाही." अशी जी मशीन दुकानात येतात, त्यातल्या बहुतेकांत मोठा बिघाड नसतोच. जुनं पेट्रोल, कोंदलेला फिल्टर, नाहीतर बोथट चेन. खरा बिघाड त्यानंतर होतो, कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, बसतो तेव्हा. म्हणून स्क्रूचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला आहे.

पेट्रोल आणि ऑइल

सोसायटीच्या माळ्याला "पेट्रोल भर" एवढंच सांगितलं की तो पंपावरून आणलेलं कोरं पेट्रोल भरतो. स्कूटरला चालतं, मग याला का नाही? कारण चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, त्याला स्वतःच्या ऑइलची वेगळी टाकी नसते. पिस्टन, क्रँक, बेअरिंग या सगळ्यांना जे काही ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. कोरं पेट्रोल भरलं की मशीन सुरुवातीला छान, उलट जरा जास्तच जोरात चालतं, आणि काही मिनिटांत पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो.

दुसरी चूक 'ढक्कनभर ऑइल'. कुठल्या बाटलीचं ढक्कन? 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली. आपल्या मशीनला कुठलं प्रमाण लागतं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. 50:1 चालणाऱ्या मशीनलाही साधं टूटी (2T, टू-स्ट्रोकचं) ऑइल वापरणार असाल तर 25:1 धरा. औषधाच्या दुकानात मिळणारी मापाची सिरिंज घ्या आणि मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून हलवा. थेट टाकीत आधी पेट्रोल मग ऑइल ओतलं तर ऑइल खाली बसतं.

तिसरी चूक गेल्या वर्षीचं पेट्रोल. 2025 पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात हवेत ओल काय कमी असते? पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि पेट्रोलचा फिल्टर नेमका तिथेच असतो. तयार मिश्रण महिन्याभरात संपवावं. सीझन संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत स्लोला चालवायचं.

हे न केल्याचा परिणाम बघायचा असेल तर कार्ब्युरेटर उघडा. एका बाजूच्या झाकणाचे चार स्क्रू काढले की आत काळा पातळ रबरी पडदा, डायफ्रॅम, दिसतो. नवा पडदा दुधावरच्या सायीसारखा लवतो. जुना बोटाने दाबला की कडक लागतो आणि करकर वाजतो. असा पडदा इंजिनाच्या ओढीवर हलतच नाही, त्यामुळे टाकी भरलेली असूनही पेट्रोल चढत नाही. कार्ब्युरेटर बदलायची गरज नसते, डायफ्रॅम-गॅस्केटची किट मिळते. टाकीतली नळी मात्र त्याच वेळी बघून घ्या, तीही तडकलेली असते.

ओढून ओढून ओव्हरफ्लो

थंड मशीनला चोक पूर्ण लावायचा आणि दोरी ओढायची. एकदा 'फट्' असा आवाज आला की लगेच चोक अर्ध्यावर, मग पुन्हा ओढायची. लोक तो आवाज ऐकतात, "आता लागेलच" म्हणतात आणि पूर्ण चोकवर ओढतच राहतात. आत पेट्रोल साचतं.

स्पार्क प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर ओव्हरफ्लो. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, वर सांगितलेलं तपासा. ओव्हरफ्लो असेल तर प्लग बाजूला ठेवून, स्विच बंद, चोक उघडा, पूर्ण रेस दाबून दहा-बारा वेळा दोरी ओढा. प्लग पुसून, गॅप 0.5 मिमी करून बसवा. स्पार्क तपासताना प्लग सिलिंडरच्या उघड्या भोकाजवळ धरू नका. त्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि ती पेटते.

सुरू होतं, मग मरतं

पाच-सात मिनिटं चालून बंद, थोडं थांबलं की परत सुरू. सगळ्यात स्वस्त तपासणी आधी: टाकीचं झाकण किंचित सैल करा. सैल केल्यावर मशीन नीट चाललं तर टाकीला हवा घ्यायचा रस्ता बंद आहे, तो साफ करा. झाकणाने काही फरक पडला नाही तर प्लगला करंट देणारी इग्निशन कॉइल तापल्यावर बंद पडतेय का ते बघा. मशीन मेल्याबरोबर प्लग काढून स्पार्क पाहिला की लगेच कळतं.

रेस दिली की गुदमरतं आणि काळा धूर सोडतं, तर एअर फिल्टर. तो चिंचेच्या नाहीतर बाभळीच्या बारीक भुशाने असा लिंपलेला असतो की खाली जाळी आहे हे कळत नाही. फिल्टर साफ करूनही ताकद नसेल तर सायलेन्सर काढा, तोंडाशी कार्बन साचलेला असतो.

एवढं सगळं करून झाल्यावर कार्ब्युरेटरचे स्क्रू. एल म्हणजे स्लोचा, एच म्हणजे फुल रेसचा. पुस्तिका हाताशी नसेल तर दोन्ही हलकेच आत बसवून एकेक फेरा उघडायचे, तिथून थोडं-थोडं जुळवायचं. एच आत पिळला की आवाज कडक होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं मशीन पळायला लागलं. प्रत्यक्षात पेट्रोल कमी मिळतंय, म्हणजे ऑइलही कमी, म्हणजे पिस्टन गेला. स्लोवर चेन फिरत असेल तर एल-एच ला हात लावू नका. तिसरा, स्लोचा वेग ठरवणारा स्क्रू असतो तो थोडा बाहेर काढा. तरी फिरतेय? क्लचची स्प्रिंग तुटली आहे.

"इंजिन जोरात आहे, पण कापत नाही"

हे ऐकलं की मी आधी चेनकडे बघतो. ती उलटी बसवलेली असते. हसू नका, नवीन चेन घातल्यावर हे नेहमी होतं. बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या, वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे तोंड करून हवी. उलटी चेन लाकडावर फक्त घासते आणि धूर काढते.

सुलटी असेल तर भुसा बघा. धारदार चेन लाकडाच्या चकत्या काढते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ पडायला लागल्यावर मशीन दाबून कापणं म्हणजे बार आणि क्लच दोन्ही जाळणं. आपल्याकडे रस्त्यावरच्या कडुनिंबात पाट्यांचे खिळे असतात, दिवाळीच्या लायटिंगच्या तारा असतात. एक खिळा लागला की धार गेली. वडाचं खोड असेल तर वटसावित्रीचे दोरे आधी कोयत्याने सोलून काढा, ते स्प्रॉकेटमागे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागे, असे गुंडाळले जातात की क्लच उघडल्याशिवाय निघत नाहीत.

धार गोल कानशीनेच. कानशीचा व्यास चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या इंचातल्या मापावर, ठरतो: बारीक 3/8 ला 4 मिमी, 0.325 ला 4.8, मोठ्या 3/8 ला 5.2. कोन बहुतेक चेनना 30 अंश, कानस एकाच दिशेने ढकलायची. आणि डावे-उजवे दात सारख्या लांबीचे ठेवायचे. 1940 च्या दशकात ओरेगॉनमधल्या जो कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे डावी-उजवीकडे कसे कापतात ते बघून आजच्या चेनचा दात बनवला. त्यामुळे एका बाजूचे दात आखूड झाले की काप वाकडा जातो आणि लोक "बार वाकलाय" म्हणून नवीन बार मागायला येतात. दाताच्या पुढचा छोटा उंचवटाही चार-पाच धारांनंतर चपट्या कानशीने उतरवावा लागतो, साधारण 0.65 मिमी खाली. नाहीतर धार असूनही चेन लाकडात शिरत नाही.

बार ऑइलच्या (चेन आणि बारला लागणाऱ्या वेगळ्या ऑइलच्या) जागी गाडीचं जळकं ऑइल हा बडोद्याचा लाडका जुगाड. त्यात धातूचा चुरा असतो, ते पातळही असतं आणि चेनला टिकत नाही. ऑइल येतंय का बघायला बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर बारीक रेघ उठली पाहिजे. नाही उठली तर बारच्या बुडाचं भोक भुशाने बुजलंय.

पाण्यात बुडालेली मशीन

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या सॉही बुडाल्या. अशी मशीन "चालतेय का बघू" म्हणून दोरी ओढून तपासू नका. आतला गाळ सिलिंडरला ओरखडे पाडतो. टाकी रिकामी करा, प्लग काढा, मशीन उलटी करून पाणी निथळू द्या, सिलिंडरमध्ये चमचाभर टूटी ऑइल घाला आणि उघडायला द्या. दोन-तीन दिवसांत दिली तर बेअरिंग वाचतात. महिन्याने आणली तर गंज चढलेला असतो.

खर्च करायचा की नाही हे ठरवायला सायलेन्सर काढून त्या भोकातून टॉर्च मारा. पिस्टन चकचकीत, उभ्या रेघा नाहीत, तर करा. मग स्विच बंद ठेवून, ब्रेक लावून मशीन दोरीच्या मुठीला लटकवून बघा. अडखळत खाली आली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आहे. सरळ खाली घसरली आणि पिस्टनवर रेघाही असतील तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च आहे. नामांकित मशीनला तो परवडतो, स्वस्त मशीनला बहुतेकदा नवी घेणंच बरं.