नेहरूंचं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' सोलापुरात बसून कसं वाचायचं

बरेच जण हे पुस्तक मोठ्या उत्साहानं घेतात आणि सुरुवातीलाच अडकतात, कारण इतिहास वाचायचा म्हणून उघडलं तर आधी तुरुंग येतो, मग चंद्र येतो, मग बायकोचं आजारपण आणि बाडेनवायलर नावाचं कुठलं तरी जर्मन गाव, आणि माणूस म्हणतो अरे सिंधू संस्कृती कधी येणार. ज्यांचं असं झालंय त्यांनी पुस्तक परत काढा, कारण त्यात शिरायच्या वाटा बऱ्याच आहेत आणि सोलापूरच्या माणसाला तर दोन-चार जास्तीच्याच आहेत.

पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं बसवा की पुस्तक लिहिलंय नगरच्या किल्ल्यात, म्हणजे आपला करमाळा तालुका संपला की जो जिल्हा लागतो तिथं, आता त्याचं नाव अहिल्यानगर झालंय. ९ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेसचे नेते पकडले गेले, नेहरू २८ मार्च १९४५ पर्यंत त्या किल्ल्यात होते आणि मधल्या १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी हातानं हजारेक पानं लिहून काढली. सोबतीला मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली अशी माणसं, त्यांच्याशी रोजच्या गप्पा, चर्चा, आणि त्याबद्दल प्रस्तावनेत त्यांचे आभारही मानलेत. म्हणजे हे प्राध्यापकानं संदर्भग्रंथांच्या ढिगात बसून लिहिलेलं पुस्तक नाही, कोंडलेल्या माणसानं आपला देश नेमका आहे तरी काय हे स्वतःला समजावून सांगत लिहिलंय, त्यामुळे प्रत्येक सनावळीला तळटीप शोधत बसलात तर मजा जाते.

आता पहिलंच प्रकरण घ्या. तुरुंगात बागेसाठी खणताना जुन्या भिंती, घुमटांचे वरचे भाग लागतात आणि त्यावरून त्यांना चांदबिबी आठवते, अकबराच्या फौजेविरुद्ध तलवार घेऊन हाच किल्ला लढवणारी. बाकीचे वाचक इथून पुढं निघून जातात, पण आपण थांबायचं. चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं तेव्हा तिच्यासोबत सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून दिला होता, म्हणजे सिद्धेश्वर तलावाशेजारचा तोच भुईकोट जिथं आपण लहानपणी सहलीला गेलेलो असतो. एवढं माहीत असलं की ते पान एकदम आपल्या घरचं होतं. मला तर वाटतं जमलं तर एखाद्या रविवारी किल्ल्यातच जाऊन ते प्रकरण वाचा, काही फार लांबलचक नाहीये.

प्रकरणं एकूण दहा आहेत. दुसरं प्रकरण पहिल्या वाचनात सोडलं तरी चालेल, कमला नेहरूंचं आजारपण आणि १९३६ मधला त्यांचा मृत्यू त्यात आहे, फार मनापासून लिहिलंय पण ते लेखक ओळखीचा झाल्यावर जास्त भिडतं. पहिल्यावरून सरळ तिसऱ्यावर उडी मारा, त्यात ते गावोगावच्या सभांमध्ये शेतकऱ्यांना विचारतात की भारतमाता की जय म्हणता तर ही भारतमाता म्हणजे कोण, कुणी म्हणतं ही जमीन, आणि मग हळूहळू ते सांगतात की डोंगर नद्या तर आहेतच पण सगळ्यात आधी तुम्ही लोक म्हणजेच भारतमाता. सगळ्या पुस्तकाची गुरुकिल्ली इथं आहे. हे वाचून चौथं आणि पाचवं प्रकरण भराभर वाचा, हो भराभरच, मोहेंजोदडो ते बुद्ध ते अशोक ते गुप्त असा जो लांबचा पट आहे तो वेगातच दिसतो, प्रत्येक नावाला अडत बसलात तर पटच हरवतो.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुराणवस्तूंची माहिती १९४४ पर्यंतची आहे. सिंधू संस्कृतीतलं लोथल तेव्हा सापडलेलं नव्हतं, आणि ज्या जिल्ह्यात बसून हे लिहिलं त्याच जिल्ह्यात दायमाबादला १९७४ मध्ये काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा मिळाले. पण तेवढ्यानं पुस्तक शिळं होत नाही, फक्त नवीन माहिती शेजारी पेन्सिलीनं लिहायची.

सहाव्या-सातव्या प्रकरणापासून मात्र स्पीड कमी करा. दख्खनला एकूण पुस्तकात जागा कमी मिळालीये असं माझं स्पष्ट मत आहे, पण अहिल्याबाई होळकरांच्या तीस वर्षांच्या कारभाराचं त्यांनी जे कौतुक केलंय ते आपल्या विद्यापीठावर नाव कुणाचं आहे हे आठवत वाचा. आणि मग येतो विणकरांचा भाग. इंग्रजी कापडानं इथले कारागीर देशोधडीला लागले, शेतीवर लोटले गेले, विणकरांच्या हाडांनी मैदानं पांढरी पडली असं गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्यही तिथं येतं. वाचताना अंगावर काटा येतो. पण आपण मागवाल्यांच्या गावातले लोक आहोत तर इथं थोडं थांबून विचार करायला पाहिजे, की हातमाग सगळीकडे सारखाच मेला असता तर तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर घरांनी सोलापूरच्या पूर्व भागात माग कसे उभे केले आणि त्यातूनच पुढं पॉवरलूम, चादर, टॉवेल कसे आले? त्या वाक्याच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांनी शंका घेतलीये, आणि काही भागांत हातमाग बदलत बदलत टिकला हेही अर्थ-इतिहासकारांनी मांडलंय. नेहरूंचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही, नुकसान प्रचंड झालंच, पण विधान सरसकट आहे आणि ते तुरुंगात टाकलेल्या माणसाचं आहे. घरात कुणी मागावर काम केलेलं असेल तर त्यांना तेवढी पानं वाचून दाखवा आणि त्यांचं ऐका, माझ्या मते हे पुस्तक वाचायची सगळ्यात चांगली पद्धत हीच आहे.

आठवं आणि नववं प्रकरण म्हणजे नेहरू स्वतः ज्यात होते तो काळ. इथं लेखक साक्षीदार पण आहे आणि एका बाजूचा नेता पण, त्यामुळे जिना, मुस्लिम लीग, इंग्रज सरकारचा क्रिप्स प्रस्ताव वगैरे पानं वाचताना दुसऱ्या बाजूचं काहीतरी हाताशी ठेवाच. तिकडे इंग्लंडात चर्चिलचं बघा, त्यानंही इंग्रजी भाषिक लोकांचा चार खंडांचा इतिहास लिहिला, १९५६ ते १९५८ मध्ये आला, मदतीला अभ्यासकांची टीम होती, बराचसा मजकूर युद्धाआधीच तयार होता. म्हणजे १९४२ ला एक इतिहास लिहिणारा पंतप्रधान होता आणि दुसरा त्याच्या सरकारच्या कैदेत, आणि दोघंही हॅरो शाळेचे विद्यार्थी. सत्तेतला माणूस आणि कैदेतला माणूस भूतकाळाकडे कसं बघतात हे जोडीनं वाचलं की लगेच कळतं.

वाचताना एक वही ठेवा, डाव्या पानावर पुस्तकातली तारीख, उजव्या पानावर सोलापूर. १९३० च्या चळवळीचा भाग आला की उजवीकडे मे १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चीनबद्दल नेहरू आपुलकीनं लिहितात तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १९३८ ला काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, तेव्हा नेहरू नगरच्या किल्ल्यात चार महिने झाले होते. वही भरत गेली की समजतं एवढ्या मोठ्या पटात आपलं गाव कुठं कुठं आहे, जे पुस्तकात लिहिलेलं नसलं तरी.

इंग्रजी जड वाटत असेल तर साने गुरुजींचा मराठी अनुवाद आहे, 'भारताचा शोध', हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा जवळच्या लायब्ररीत विचारून बघा. श्याम बेनेगलांची याच पुस्तकावरची १९८८ ची सिरियल ५३ भागांची आहे, सुंदर आहे, पण ती पुस्तकानंतर बघा, नाहीतर प्रत्येक पानावर त्यातले चेहरेच दिसत राहतात. आणि घरात आठवी-नववीतली मुलं असतील तर त्यांना हे पुस्तक देऊ नका, नेहरूंनी इंदिरेला तिच्या तेराव्या वाढदिवसापासून, म्हणजे २६ ऑक्टोबर १९३० पासून, तुरुंगातून लिहिलेली जगाच्या इतिहासाची पत्रं द्या, १९६ आहेत, रात्री जेवणं झाली की एक वाचायचं आणि त्यातली गावं मुलांना नकाशावर शोधायला लावायची.