चित्रं पाहून कॉर्निश शिकताय? या चुका टाळा

कॉर्निश ही इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलची भाषा. कॉर्नवॉलमधलं सेंट आईव्ह्ज, कॉर्निशमध्ये पोर्थ ईया, हे चित्रकारांचं आणि कुंभारकामाचं बंदर. नवशिके तिथल्या टेट कलासंग्रहालयाची पोस्टकार्डं समोर ठेवून कॉर्निशचा सराव करतात. कल्पना उत्तम आहे, पण बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात बार्बरा हेपवर्थच्या अमूर्त शिल्पांवर बोलायला जातात. हा उतावळेपणा सोडा. आल्फ्रेड वॉलिसपासून सुरुवात करा. या खलाशाने बायको गेल्यावर, उतारवयात, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर होड्यांच्या रंगाने चित्रं काढली. होडी, घर, दीपगृह, समुद्र : पहिल्या धड्याचे सगळे शब्द त्यात आहेत.

आता ज्या चुकीने मी खरोखर वैतागले आहे ती. ‘स्काथ’ म्हणजे होडी, ‘ग्विन’ म्हणजे पांढरा, म्हणून होडीखाली बेधडक ‘स्काथ ग्विन’ लिहिणं. स्काथ स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे तिच्यामागून येणाऱ्या विशेषणाचं पहिलं अक्षर मऊ होतं : स्काथ विन. घर, म्हणजे ‘ची’, पुल्लिंगी, तिथे ‘ची ग्विन’च. मराठी माणसाला हे अवघड वाटायला नको. आपण पांढरा-पांढरी करताना शेवट बदलतो, इथे सुरुवात बदलते.

आमच्या अभ्यासगटातल्या एकाने बंदराची जलरंगातली चित्रं काढली आणि शब्दयादीतून जोडलेली नावं थेट चित्रावरच शाईने लिहिली. कुणाला दाखवलं नाही, कारण प्रदर्शन जवळ आलं होतं. कॉर्निशमध्ये विशेषण सहसा नामाच्या मागून येतं, पण दोन नावांत ते नामाच्या आधी, बाकी सगळीकडे ‘ग्विन’. कॉर्निश येणाऱ्या एक आजी पहिल्या चौकटीपाशीच थांबल्या आणि त्यांनी शांतपणे, एकेक करून, सगळी नावं दुरुस्त करून सांगितली. शाई पुसता येत नव्हती. चांगली चित्रं चौकटीतून काढावी लागली. घाईपायी मेहनत वाया गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी सवय सांगते : मी वहीत नाम एकटं कधीच लिहीत नाही. प्रत्येकाला रंग जोडते. ‘स्काथ विन’ असंच पाठ झालं की लिंग वेगळं घोकावं लागत नाही.

शब्दकोशात ‘वेनेन’ सापडत नाही अशी तक्रार नेहमीची. बाई म्हणजे ‘बेनेन’. हाही स्त्रीलिंगी शब्द, म्हणून ‘अन’ हे उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखं) लागलं की ‘अन वेनेन’ होतं. मूळ अक्षर शोधायला शिका. अकादेमी केर्न्यूएक, म्हणजे कॉर्निश भाषेची अकादमी, हिचा ऑनलाइन शब्दकोश आहे, तो उघडा.

आकड्यानंतर अनेकवचन नको. तीन होड्या : ‘तेर स्काथ’.

‘ग्लाझ’मध्ये निळाही येतो आणि झाडापानांचा हिरवाही. चित्रातल्या समुद्राचा रंग ठरवायला म्हणून अडून बसू नका.

जुन्या पुस्तकांतलं लेखन आणि 2008 साली ठरलेलं प्रमाण लेखन एकाच वाक्यात मिसळू नका.

आणि सुटे शब्द जमवत राहू नका. ‘यमा स्काथ इन पोर्थ’, बंदरात एक होडी आहे, एवढं वाक्य वॉलिसच्या चित्रासमोर मोठ्याने म्हणा, मग होडीच्या जागी चित्रातली दुसरी वस्तू घाला.